हिरव्या स्वेटरला प्रवेशबंदी

शत्रू त्याच्या बाह्यांगावरून ओळखावा, हा आरोग्यशास्त्राचा पाया आहे. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. शरीर ते काटे ध्यानात ठेवतं. पुढल्या वर्षी विषाणू काटे जरा बदलून येतो, आणि शरीर जुन्याच काट्यांसाठी फौज उभी करतं. कुडव्यातल्या आमच्या गल्लीच्या आरोग्य दक्षता समितीने ही पद्धत जशीच्या तशी स्वीकारली आहे.

दोन वर्षांपूर्वी समितीचे अध्यक्ष उदारामजी यांचे जावई इंद्रकुमार हिरवा स्वेटर घालून, शिंकत आले. चार दिवसांत सतरा घरं तापली. समितीने तातडीने ठराव केला: हिरव्या स्वेटरला गल्लीत बंदी.

ठरावाचं यश डोळ्यांत भरणारं आहे. पुढच्या हिवाळ्यात एकेचाळीस स्वेटर अडवले (पैकी एक शेळीच्या अंगावरचा). त्याच हिवाळ्यात जावईबापू तपकिरी जॅकेटमध्ये शिंकत आले. कॉलर तेवढी हिरवी होती, म्हणून त्यांना अर्धाच कप चहा दिला. (याला आंशिक संरक्षण म्हणतात.) तेरा घरं तापली. सतरावरून तेरा, म्हणजे प्रगतीच.

यंदा माझा सोनू सात महिन्यांचा आहे. मध्यंतरी खोकल्याने त्याची एवढीशी छाती आत ओढली जायची. मी हात ठेवून श्वास मोजत बसायची. डॉक्टरांनी फ्लूची लस सांगितली. ती द्यायला दवाखान्यातल्या फुलवंता सिस्टर स्कूटीवरून आल्या. हिरव्या स्वेटरमध्ये.

"बाई, थांबा तिथंच," उदारामजी गल्लीच्या फाटकातून म्हणाले.

"काऊन? लशीच्या डब्यातला बर्फ वितळून राहिला ना जी!"

"स्वेटर हिरवा आहे."

"मंग काढून ठेवू का?"

"काढला तर आम्ही ओळखायचं कसं?"

बिनतोड होतं. मीच सोनूला कडेवर घेऊन बाहेर गेले. स्कूटीच्या सीटवर लस झाली. तो रडला, मग सिस्टरच्या स्वेटरचं बटण मुठीत धरून हसला. समितीने नोंद केली: हिरव्याशी थेट संपर्क, बाळाला सात दिवस गल्लीबंदी. तेवढ्यात जावईबापू पांढऱ्या शर्टात शिंकत आत गेले.

आम्ही मायलेक सध्या माहेरी, सालेकश्याला आहोत. बाळाला बघायला तुम्ही जरूर या. इथे फाटक नाही, आणि तुम्ही तर घरचेच. आल्या आल्या त्याला उचलून गालाचा मुका घ्याल. फक्त गेल्या खेपेस, त्याच्या खोकल्याच्या दोन दिवस आधी, स्वतःचं नाक पुसत म्हणालात तसं म्हणू नका: "काही नाही जी, नुसतं नाकच तर वाहून राहिलं."