सोमवारी मराठी, मंगळवारी कानडी

बसवकल्याणला कधी आलात आणि बसस्टँडजवळ एका बी-बियाणांच्या दुकानाबाहेर खडूनं 'आज मराठी' लिहिलेली पाटी दिसली, तर खुशाल आत जा. पाटीवर 'आज कानडी' असेल आणि तुम्हाला कानडी येत नसेल, तर शेजारच्या दुकानात जा. 'आज इंग्रजी' असेल, तर रविवार आहे असं समजा आणि सरळ आपल्या घरी जा.

ही पाटी गुरुअण्णाची. तो माझा शेजारी, भिंतीला भिंत लागून. सोमवार, बुधवार, शुक्रवार मराठी. मंगळवार, गुरुवार, शनिवार कानडी. रविवारी इंग्रजी, म्हणजे रविवारी त्याच्या घरातून भांड्यांच्या आवाजापलीकडे काही ऐकू यायचं नाही. आमच्या गावात एका वाक्यात दोन भाषा नसल्या तर लोकांना समोरचा माणूस आजारी वाटतो. अशा गावात हा गृहस्थ गेली वीस-बावीस वर्षं शुद्ध बोलतोय.

एकदा गुरुवारी दुबलगुंडीचा एक शेतकरी त्याच्याकडे आला. "अण्णा, सोयाबीनला अळी लागलीय, काय फवारू?" गुरुअण्णानं सगळं उत्तर कानडीत दिलं. त्या माणसाला कानडी येत होती, आमच्याकडे सगळ्यांनाच येते. पण तो चक्रावला. म्हणाला, "आवं, काल तर तुमाला मराठी कळायलं होतं की!" एका रविवारी त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला औषधाचं प्रमाण इंग्रजीत समजावलं. ते गिऱ्हाईक म्हणालं, "बाटलीवर लिवलेलं मला बी दिसतंय अण्णा, तोंडानं सांग की." आणि उठून समोरच्या दुकानात गेलं. समोरच्या दुकानदाराचा बंगला गुरुअण्णाच्या रविवारांवर उभा राहिलाय असं लोक म्हणतात.

याचं मूळ त्या परीक्षेत आहे. कलेक्टर होण्याची, दिल्लीवाली. तरुणपणी गुरुअण्णा त्या परीक्षेला बसला होता, आणि अजून उठलेला नाही. खत घ्यायला आलेल्या माणसालाही तो ती समजावून सांगतो. (हे मराठीच्या वारी. कानडीच्या वारी हेच कानडीत.)

"ही परीक्षा म्हंजे तीन चाळण्या," तो सांगतो. "पयली पूर्व. तिथं नुसते गोळे काळे करायचे, आन् चुकलं की गुण कापतेत. दुसरी मुख्य. तिथं लिवायचं, नऊ पेपर. तिसरी मुलाखत. आता ध्यान देऊन ऐका. नवातले सातच पेपर मोजतेत. दोन भाषेचे, एक इंग्रजी आन् एक आपली, ते मोजत न्हाईत. नुसतं पास व्हायचं. आन् जे मोजत न्हाईत, तेच्यातच माणूस मरतंय."

तो त्यातच मेला. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे कानडी हायस्कूल, मग कलबुर्गीला इंग्रजीतून कॉलेज. पहिली चाळणी तो झोकात पार झाला. मुख्य परीक्षेत 'आपली भाषा' म्हणून त्यानं मराठी लिहिली, कारण घरात आपण मराठीच बोलतो असा त्याचा समज होता. निबंध आम्ही बोलतो तसाच लिहिला. त्यातलं कानडी काय आणि हैदराबादी काय, हे त्याला वेगळं दिसलंच नाही. आपल्याच भाषेत तो नापास झाला, आणि त्या पेपरात नापास झालं की बाकीचे पेपर तपासतच नाहीत.

"माझे सात पेपर बांधून तसेच पडले, बाई," असं तो मला किती वेळा म्हणालाय. "चांगले होते का वाईट, ते तरी कळाया पायजे होतं."

मी मराठी शाळेत मास्तरीण. माझ्या वर्गातल्या पोरांना स्वतःचं नाव लिहिता येत नसलं तरी मी त्यांना वर ढकलते, तसा वरून हुकूमच आहे. आणि ह्या माणसानं सरकारच्या कारभारावर पानंच्या पानं लिहिली, ती कुणी सोडूनसुद्धा पाहिली नाहीत. त्याला मराठीत नापास करणारा तो तपासणारा कुठल्या गावचा, कोण, मला माहीत नाही. मला भेटला तर मी त्याला आमच्या आठवडी बाजारात उभा करीन आणि सांगीन, आता भाव करून मेथीची एक जुडी विकत घेऊन दाखव.

त्या परीक्षेच्या दुसऱ्याही खोडी त्याच्या अंगात राहिल्या. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून तो खात्री नसलेल्या प्रश्नाला उत्तरच देत नाही. "अण्णा, आज पाऊस येईल का?" असं विचारलं की आभाळाकडे बघतो, विचार करतो आणि म्हणतो, "हा प्रश्न मी सोडतो, बाई." त्याची बायको मुलगी लहान असतानाच गेली. दुसऱ्या लग्नासाठी लोक स्थळं घेऊन आले. तेव्हाही तो हेच म्हणाला, सोडतो.

ही मुलगी सुवर्णा. तिला सांभाळलं गुरुअण्णाच्या आईनं, अव्वानं. अव्वा जेवायला हाक मारायची ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. "बा गं माझ्या राजा, ऊटा माडू, जल्दी कर, भाकर निवायलीय!" यातलं 'बा' आणि 'ऊटा माडू' म्हणजे ये आणि जेव, हे कानडी. 'जल्दी' हैदराबादी. उरलेलं मराठी. अव्वाला हे विचारलं असतं तर ती म्हणाली असती, कुठलं काय बाई, मी जेवाया बोलवायलेय.

सुवर्णा शाळेत जायला लागली आणि गुरुअण्णानं पाटी आणली. मुलगी तीच परीक्षा देणार, हे त्यानं तिच्या बारशालाच ठरवलं होतं. आपण ज्या पेपरात मेलो तिथं पोरगी मरायला नको, म्हणून घरात सरमिसळ बंद. सुवर्णा चुकली तर वाक्य पुन्हा. अव्वा चुकली तर तिलाही पुन्हा. अव्वा काही दिवस घाबरून गप्प बसली. मग तिनं सोपा मार्ग काढला. नातीचं बोट धरायची आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. तिथं दोघी मनसोक्त बोलायच्या. भिंतीपलीकडे गुरुअण्णाला सगळं ऐकू जात असणार, पण माझ्या घरात त्याची पाटी चालत नव्हती.

सुवर्णा मोठी झाली, बंगळूरला क्लासला गेली. गुरुअण्णा तिला वार बघून फोन करायचा. फोनवर तिची खुशाली विचारायच्या आधी उताऱ्याचा सारांश सांगायला लावायचा. रविवारचा फोन इंग्रजीत. इंग्रजीत पोरीला रडता यायचं नाही, म्हणून ती रविवारी मला फोन करायची.

"मावशी, मला गणिताचं भ्या वाटायलंय," ती म्हणायची. "पयल्याच चाळणीत गणित येतंय. आन् अप्पा निबंधच लिवायला लावायलाय."

मी हे गुरुअण्णाच्या कानावर घातलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गणित होतंय, बाई. भाषा अवघड असती." पुढच्याच आठवड्यात त्यानं तिला मराठी म्हणींचं एक जाड पुस्तक धाडलं.

मध्येच अव्वा अंथरुणाला खिळली. त्या दुखण्यातही तो तिच्याशी वार बघूनच बोलला, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. ती मंगळवारी गेली, म्हणून तो कानडीत रडला. त्या दिवसापासून माझं डोकं त्याच्यावर फिरलं ते फिरलंच. त्याची गोष्ट सांगताना लोक हसतात, मीही हसते, पण अव्वाचं आठवलं की माझं हसू जागीच थांबतं.

यंदा निकाल लागला. सुवर्णा पूर्वपरीक्षेतच नापास झाली, तिसऱ्यांदा. गणितात. ज्या पेपरासाठी त्या घरात कुणी मोकळेपणी कुणाशी बोललं नाही, त्या भाषेच्या पेपरापर्यंत पोरगी एकदाही पोचली नाही. गुरुअण्णानं निकाल पाहिला आणि दुकानात जाऊन बसला. गिऱ्हाइकांशी बोलला नाही, माझ्याशीही नाही. सगळेच प्रश्न त्यानं सोडून दिले होते.

शनिवारी सुवर्णाचा मला फोन आला. "मावशी, आता मी हे सोडलं. आज रातच्या गाडीनं निघून उद्या सकाळी यायलेय. पण उद्या आयतवार हाय. अप्पा माझ्यासंगं इंग्रजीत बोलला, तर मी स्टँडवरूनच परत फिरीन. हिथं एक नोकरी मिळायलीय. मग मी पुन्ना घरी न्हाई येणार." तिचा आवाज अगदी शांत होता, त्याचीच मला भीती वाटली.

मी तशीच दुकानात गेले. त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, उद्या पोरीशी नीट बोल. शनिवार होता. तो खाली बघत म्हणाला, "नोडोण." म्हणजे बघू.

माझं मास्तरीणपण सुटलं. बाहेर गिऱ्हाइकं उभी होती, तरी मी ओरडले. "काय बघायलास रे? आई गेली तवा कानडीत रडलास. आता पोरगी जायलीय. तिला इंग्रजीत निरोप दे, म्हंजे तुझे सगळे पेपर झाले!" तो खतांच्या पोत्यांआड जाऊन उगाच काहीतरी आवरत बसला.

रविवारी सकाळी मी स्टँडवर गेले. तो आधीच येऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मुलाखतीला जाण्यासाठी म्हणून त्यानं तसला एक शर्ट पूर्वी शिवून ठेवला होता, तोच असावा असं मला वाटलं. जवळ गेले तर त्याचे ओठ हलत होते. काहीतरी घोकत होता. मी कान दिला तर इंग्रजीच.

बंगळूरची गाडी आली. सुवर्णा उतरली, वाळून गेलेली, पाठीवर पुस्तकांची पिशवी. दरवाजाशीच थांबली, एक हात अजून गाडीच्या दांड्यावर. बापाकडे बघत राहिली. कंडक्टर म्हणाला, "सरका की बाई." ती सरकली नाही.

गुरुअण्णानं तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य त्याला आठवेना, की आठवूनही बाहेर येईना, देव जाणे. दोनदा घसा खाकरला. आणि मग त्याच्या तोंडून जे निघालं, ते त्याच्या घरात मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"बा गं माझ्या राजा," तो म्हणाला. "ऊटा माडू. जल्दी कर. भाकर निवायलीय."

सुवर्णाचा हात दांड्यावरून सुटला. ती तिथंच, सगळ्या स्टँडसमोर, त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागली. तिच्या पाठीवरची पिशवी काढून घेत तो बोलतच राहिला, मराठी, कानडी, हैदराबादी, जे तोंडाला येईल ते. "रडू नको गं, अळबेड, हुई परीक्षा तो हुई, गणिताच्या आयला... मी केली भाकर, जळाली थोडी, तू खा." मी पुढे होऊन पुस्तकांची पिशवी घेतली, कारण त्याच्या हातून ती खाली पडायला लागली होती.

पोरगी घरी आली, याचा मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला. तरी दोघांच्या मागून चालताना माझा राग काही गेला नाही. हे एवढं एक वाक्य त्याला सगळा वेळ येत होतं. अंथरुणाला खिळायच्या आधी अव्वा माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावून बसायची. पोरगा एकदा तरी आपल्यासारखं बोलेल, म्हणून.