पाणी ओसरल्यावर अंतर कळवू

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका सरकारी कार्यालयातील वरिष्ठ लिपिक चारुलताबाई यांनी चाळीस दिवसांच्या रजेचा अर्ज केला. कारण साधे होते. मुलगी अबोली न्यूयॉर्कला बाळंत व्हायची होती, तीन आठवडे उरले होते, आणि पहिल्या बाळंतपणाला आई जवळ नाही ही कल्पनाच बाईंना सोसत नव्हती. अर्जात ‘अंतर व प्रवासाचा वेळ’ असा रकाना होता. बाईंनी तो इमानेइतबारे भरला: साडेबारा हजार किलोमीटर, साडेपंधरा तास.

अधीक्षक लालासाहेब पलूसचे, फौजेतून निवृत्त होऊन इथे आलेले. त्यांनी तिकीट उलटसुलट करून पाहिले.

“बाई, रात्री दोनला निघून त्याच दिवशी सकाळी आठला उतरताय. सहा तास झालं. साडेपंधरा कुठनं आणलं?”

“साहेब, तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं.”

“घड्याळ हापिसाचं धरायचं. सहा तासांत सातारा जाऊन-येऊन होतंय. म्हंजे तुमचं न्यूयॉर्क दोन साताऱ्याएवढं. शनिवारी जावा, रविवारी या. चाळीस दिस कशाला?”

बाई रडकुंडीला आल्या, तेव्हा साहेब विरघळले. रस्त्याने अंतर किती, एवढा एसटी आगाराचा दाखला आणा, मग नियमात बसवू म्हणाले. गुंडा नावाचे आगारातले वाहतूक नियंत्रक तीस वर्षे दाखले देत आले होते. त्यांनी नकाशा पाहिला आणि पुराला सरावलेला सांगलीचा माणूस जे लिहील तेच लिहिले: ‘मुंबईपर्यंत ३८० कि.मी. पुढे रस्त्यावर पाणी. पाणी ओसरल्यावर अंतर कळवू.’

फाइल पूर नियंत्रण कक्षाकडे गेली: सदर पाणी कधी ओसरणार? उत्तर दोन दिवसांत, म्हणजे विक्रमी वेगाने आले: ‘आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी स्थिर. मुंबईपलीकडील पाणी ओसरण्याची चिन्हे नाहीत. नागरिकांनी घाबरू नये.’

“झालं की काम!” लालासाहेबांनी टेबलावर थाप मारली. “मदी पानी, पल्याड लेक. बाई, तुमी पूरग्रस्त! पूरग्रस्ताची खास रजा माज्या सहीनं मिळती. जावा, पोरीला सांभाळा.”

चारुलताबाई बाळाच्या आधी दोन दिवस पोचल्या. नात हातात आली तेव्हा त्यांना हसू आणि रडू एकदमच फुटले.

इकडे बातमी फुटली. ऐन मे महिन्यात, आभाळात ढग नसताना, विश्रामबागेतून पूरग्रस्तांचे तीनशे अर्ज आले. कुणाचा मुलगा टोरांटोत, कुणाची नातवंडे सिडनीत. पंचनाम्याचा फॉर्म जुनाच होता. ‘पाणी केव्हा आले?’ यापुढे बहुतेकांनी मुलांना व्हिसा मिळाल्याची तारीख घातली. ‘पाणी कोणी सोडले?’ इथे मात्र पेनं अडली. दर पुरात तिथे धरणाचे नाव घालायची सवय. शेवटी एकेकाने मान खाली घालून लिहिले: आम्हीच, पेढे वाटून.

वाचकहो, कार्यालयाला आपला अर्ज अद्याप प्राप्त झालेला नाही.