बिरूआबांची दातपारख

पहिल्याच भेटीत बिरूआबांनी अंगठ्यानं माझा खालचा ओठ ओढला, आत निरखून बघितलं आणि म्हणाले, "तीस झाली तुमाला. लगीन?" बारामतीतला तो दवाखाना माझा, दातांचा डॉक्टरही मीच. वय चुकलं होतं, पण लग्नाचा प्रश्न झोंबला.

आबा लासुर्ण्याचे. उभी हयात मेंढरांमागं, दात बघून त्यांचं वय ठरवण्यात गेलेली, त्यामुळं कुणी भेटलं की रामराम नंतर, आधी "तोंड दाव." एसटीचा कंडक्टरही यातून सुटला नव्हता. बाहेर बसलेले माझे पेशंट त्यांनी तपासायला घेतले, तेव्हा दोघे गुपचूप घरी गेले. मग मी वैतागून आबांना आतच बसवायला लागलो.

त्यांची नात वैशाली तेरा वर्षांची. तिचा वरचा सुळा खाली उतरलाच नव्हता, टाळूत आडवा अडकला होता. पोरगी ओठ मिटून बोलायची, हसू आलं की तोंडावर हात. हिरडी उघडून सुळ्याला बारीक साखळी लावू, तारेनं हळूहळू जागेवर ओढू, असं मी समजावलं. नाहीच हलला तर काढावा लागेल, हेही सांगितलं.

"मेंढराला वर म्होरं दातच नसत्यात," आबा म्हणाले. "त्याचं काय अडतंय?"

पण दर महिन्याला नातीला घेऊन हजर. ती खुर्चीत बसली की हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. जगाचे दात बघणारा माणूस नातीचेच का बघत नाही? एकदा ती बाहेर गेल्यावर विचारलंच.

आबा घोंगडीच्या दशा ओढत राहिले. "पावण्यांम्होरं मीच हिचा ओठ उचलला, डाक्टर. म्हनलं, एक दात कमी हाय, बाजारात भाव पडंल. समदी हसली. तवापस्नं पोरगी माज्यासमोर हसली न्हाय."

मला त्यांचा राग आला. वाईट त्याहून जास्त वाटलं.

सुळा हट्टी निघाला. वर्ष उलटून गेलं तेव्हा कुठं तो जागेवर आला. तारा काढल्या त्या दिवशी वैशालीनं बराच वेळ आरसा सोडला नाही. मग उठली, आबा आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली आणि स्वतःच ओठ वर केला.

"बघा की आबा. आता काय भाव?" आणि हसली, तोंडावर हात न नेता.

आबा खूप वेळ बघत राहिले. "दिसंना गं मला. चष्मा घरीच ऱ्हायला."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. वैशालीनं तो काढला, ओढणीनं पुसला आणि परत त्यांच्या डोळ्यांवर बसवला.