तासावरचे दत्तूमामा

आमच्या विक्रोळीच्या चाळीतल्या दत्तूमामा परबांच्या गळ्यात माळ नव्हती, पोकलेनची चावी होती. आंघोळीलाही निघायची नाही. यमदूत आले असते तर त्यांनाही आधी ती चावी सोडवावी लागली असती.

जमीन खणायची ती अजस्र मशीन मामा तासावर भाड्यानं देत. वस्तू विकत घेणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. लग्नात घोडा, शेरवानी आणि, मामींच्या म्हणण्याप्रमाणे, चेहऱ्यावरचं हसूसुद्धा त्यांनी भाड्यानं आणलं होतं.

“एक मशीन धा साइटींवर फिरता, म्हणजे नऊ मशिनींचा लोखांड वाचला. ह्येका पर्यावरण म्हणतत!”

मी म्हटलं, “मामा, भाड्यानं सहज मिळते म्हणून ज्याला खड्डा नको तोही खणतो. मागची टेकडी कुठे गेली?”

“तू गप रव!”

या धंद्याची एक रीत आहे. इंजिन चालू तोवर तासांचं मीटर चालू. म्हणून ऑपरेटर चहाला गेला तरी इंजिन धडधडत राहतं. एक ढेकूळ न उचलता मशीन धूर ओकते, मालक खूश. मामांच्या धुरानं आमच्याकडचे कावळेसुद्धा खोकायचे.

समोरच्या टॉवरचा पाया खणायला मामांचीच मशीन लागली. नेमकी आमच्या खिडक्यांखाली, तीन महिने. मामी दम्याच्या. खिडकीतून ओरडायच्या, “अवो, त्या माझ्या सवतीक गप करा!”

मामा खालून हसत, “मीटर पळता गो!”

मग मामींसाठी ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. अर्थात भाड्यानं. त्या दिवसापासून पोकलेनची चावी मामांच्या गळ्यात. स्वतः साइटवर बसत, काम थांबलं की इंजिन बंद. बाकीचे मशीनवाले त्यांना वेडा म्हणत.

पण उशीर झाला होता. मामी गेल्या.

आयुष्यभर प्रत्येक वस्तू वेळेत परत करणारा हा माणूस ते ऑक्सिजनचं मशीन मात्र देईना. दुकानदार फोन करून थकला. रिकाम्या खाटेशेजारी ते चालू ठेवून मामा नुसते बसून असत.

शेवटी मीच म्हटलं, “मामा, तळमजल्यावरच्या साळवीकाकूंना हवंय. दुकानात एकही शिल्लक नाही. श्वास लागलाय त्यांना.”

 मामांनी बटण बंद केलं, मशीन उचललं आणि मला हात न लावू देता तीन जिने उतरले. नवी नळी जोडून काकूंच्या नाकाशी लावली. मशीनची तीच घरघर सुरू झाली. काकूंची धाप हळूहळू कमी झाली.

“चला, मामा.”

ते उंबऱ्यावर बसले.

“तू हो फुडे. माका जरा ऐकूक दी.”