ते ‘ॲव्हरेज’ खोडा

बागवानसाहेबांनी कधी कशाला ‘छान’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. मुलीला विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हा ते त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “वाईट नाही.” तिच्याच लग्नात बिर्याणी खाऊन पाहुणे डोळे मिटून बसले होते. साहेबांचा अभिप्राय, “कच्ची नाही.”

भोसरीच्या एका पंपांच्या कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते. मी त्यांच्या हाताखाली पंपांच्या माहितीपुस्तिका लिहायचे. ‘चालू करण्यापूर्वी पाणी भरून घ्यावे’ असं वाक्य नेलं की विचारायचे, “कुणी? कशात? अहो बाई, शेतकऱ्यानं बादली भरून ठेवली तर?” मी वाक्य बदलून आणायचे. ते पुन्हा वाचायचे आणि काही न बोलता सही करायचे. त्या काही न बोलण्यालाच आमच्या विभागात शाबासकी समजत.

पुढे कारखाना दुसऱ्यांनी घेतला आणि पुस्तिकांचं काम बाहेर गेलं. ऐन पंचेचाळिशीत मी घरी बसले. या वयात नोकरी शोधणं म्हणजे रोज कुणीतरी नम्रपणे आपल्याला म्हातारं म्हणणं. बऱ्याच महिन्यांनी हिंजवडीतल्या एका कंपनीनं मला जवळजवळ पसंत केलं. अट एकच. आधीच्या नोकरीतली दोन माणसं सांगा, आम्ही त्यांच्याशी फोनवर बोलू.

पहिलं नाव आमच्या माजी उपाध्यक्षांचं. ते आनंदानं म्हणाले, “नक्की! मी काय बोलायचं ते लिहून पाठवा. आणि हो, तुमचं आडनाव काय?”

दुसरा माणूस थेट वरिष्ठच हवा होता. म्हणजे बागवानसाहेब.

“दुसरं कुणी नाही का?” नवरा म्हणाला. “एखादा शत्रू वगैरे?”

मी कोथरूडहून विश्रांतवाडीला गेले, साहेबांची तयारी करून घ्यायला. त्यांनी स्वतः चहा केला. मी विषय काढला.

“साहेब, काम कसं होतं असं विचारलं, तर ‘उत्कृष्ट’ म्हणाल का?”

“उत्कृष्ट म्हणजे ज्याच्यात सुधारणेला जागा नाही. तुमचे स्वल्पविराम आठवतात मला.”

“निदान ‘उत्तम’?”

“पंपाला कधी म्हटलं नाही, वैद्यबाई. माणसाला कसं म्हणू?”

“मग काय सांगाल?”

“जे आहे ते.”

मी चहा संपवला. नोकरीची आशाही तिथेच संपवून निघाले.

आठवड्याभरानं कंपनीतून देवयानीचा फोन आला. माणसं नेमण्याचं काम तिच्याकडे. मूळची नागपूरची.

“मॅडम, तुमच्या सरांनी तर माझीच मुलाखत घेतली ना!”

मी डोकं धरून खाली बसले.

“मी विचारलं, मॅडमचं काम कसं होतं? तर म्हणाले, वाईट नाही. मी लिहून टाकलं, ॲव्हरेज. लगेच म्हणाले, आत्ता काय लिहिलंत? मी सांगितलं. तर म्हणाले, ते ‘ॲव्हरेज’ खोडा. मी ‘वाईट नाही’च्या वरचा शब्द वापरत नाही. बाईंच्या पुस्तिकेत चूक होती म्हणून एकही पंप परत आला नाही, हे लिहा. मी म्हटलं, सर, त्याला कॉलम नाही. म्हणाले, नसेल तर पाडा.”

“पाडला?”

“पाडावाच लागला! मग मलाच विचारलं, परतीची बस किती वाजता, कोथरूडला घराजवळ सोडते की चौकात, आणि तुमच्याकडची माणसं नोकरी का सोडतात. शेवटचं मी वर विचारून सांगते म्हटलं. तुम्ही सोमवारी रुजू व्हा, मॅडम. आमचे मॅनेजर म्हणाले, यांच्या हाताखाली टिकल्या त्या कुठेही टिकतील.”

पेढे घेऊन मी पुन्हा विश्रांतवाडीला गेले. “साहेब, तुमच्यामुळे मिळाली,” म्हणत मी पेढे पुढे केले. ते खोक्यावरची तारीख वाचू लागले.

“अजून कुठे अर्ज केलाय का?” त्यांनी विचारलं.

“आता कशाला, साहेब?”

“नाही, केला असेल तर माझा नंबर देऊन ठेवा. मुलगी मस्कतला, तिचा फोन शुक्रवारी येतो. बायको गेल्यापासून बाकीचे दिवस मी मोकळाच असतो.” खोका बाजूला ठेवत म्हणाले, “ती नागपूरची मुलगी बराच वेळ बोलली.”

नव्या कचेरीतल्या पहिल्याच मंगळवारी मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“साहेब, एक वाक्य अडलंय. वाचून दाखवू?” वाक्य फारसं अडलं नव्हतं.

“थांबा, थांबा,” ते घाईनं म्हणाले, “चष्मा घेऊन येतो.”

फोनवर ऐकायला चष्मा कशाला लागतो, ते मी विचारलं नाही. थांबले.