कॅसेटीवरचं नाव

दाइगो, तू आधी नुसतं ऐक. टोपीचं नंतर विचार. हो, शेगडीपाशी बसूनही घातलीये, कळतंय मला. ऐक तर.

जुन्या बेसबॉल व्हिडिओगेमच्या कॅसेटींमधलं आपल्याला किती कळतं, तुला माहितीये. डोळे बांधून एखादी हातात दे, नुसतं बोट फिरवून भाव सांगतो! बेसबॉलच्या कॅसेटी तशा कवडीमोल. त्या काळी घरटी एक असायचीच, म्हणून दुकानात बादलीत पडलेल्या असतात, शंभर येनला एक. पण एखादीच असते, वेफरच्या पाकिटातली कुपनं पाठवून मिळालेली, लाल रंगाची. ती आठ हजाराला जाते. फक्त मागे नाव नको.

तेवढं एक दुखणं. तेव्हाची पोरं प्रत्येक कॅसेटीमागे मार्करने इयत्ता, तुकडी आणि नाव लिहायची. आणलेली परत करायची कुणाला सवयच नव्हती ना. मला तर ती नावं वाचायला जाम आवडतं. कोण असेल हा तिसरी ब मधला, आता काय करत असेल? पण बाजाराला काय त्याचं? नाव असलं की आठ हजाराची वस्तू पाचशेवर येते.

तर परवा, तीस तारखेला, वर्षअखेरची साफसफाई. आईने मला किमोनोच्या कपाटामागे घुसवलं. तिथे बिस्किटांचा गंजका डबा. उघडला, तर आत लाल कॅसेट! एका कोपऱ्यावर कुत्र्याच्या दातांच्या खुणा, बाकी नवीकोरी. उलटी केली. मागे नाव. कुणाचं ते सांगतो, थांब. तेव्हा मी ते वाचलं, गालात हसलो आणि कामाला लागलो. स्पिरिटचा बोळा, मग मऊ खोडरबर, मग पुन्हा बोळा. चार मिनिटांत पाठ अशी लखलखली की त्यात बघून दाढी करावी. आईला बोललो नाही. तिला काय आठवतंय, म्हटलं.

आता एवढा पराक्रम केल्यावर माणूस कुणाला तरी दाखवणारच. मी धावत सुटलो मामाच्या टोफूच्या दुकानात.

मिनेओमामा आणि समोरचे न्हावी कुरोसाकीकाका एकमेकांशी बोलत नाहीत, हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे. सदतीस वर्षं! दुकानं समोरासमोर, मध्ये सायकल जाईल एवढा रस्ता, पण निरोप सगळे आईमार्फत. चौथीत असताना एक बेसबॉलची कॅसेट हरवली, त्यावरून जुंपली. मामा म्हणतो ती माझी, यानेच ढापली. काका म्हणतात माझी, त्याने. दोघांचीही शपथ एकच, की मागे माझंच नाव आहे. आणि जो खोटा ठरेल त्याने टक्कल करायचं, शाळेच्या बेसबॉल संघातल्या पोरांसारखं, तेही भर गल्लीत. मामा मला लहानपणापासून सांगत आलाय, ती कॅसेट नावासकट शोधून आण, माझी पेटी तुझी. बेचाळीस कॅसेटी, दाइगो. त्यातल्या सहा तर मूळ खोक्यात!

मला तरी कसं सुचावं? मी पुसलेलं नाव या दोघांपैकी कुणाचंच नव्हतं.

मामाने ओल्या हाताने कॅसेट घेतली. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. आणि त्याच्या दुसऱ्या हातातला टोफू पाण्यात पडला.

"हा चावा गोरोचा आहे," तो म्हणाला. गोरो म्हणजे मामाच्या घरचा तेव्हाचा कुत्रा.

मग त्याने रस्त्यापलीकडे हाक मारली. सदतीस वर्षांनी. कुरोसाकीकाका वस्तरा हातात घेऊनच आले, आणि त्यांच्यामागे त्यांचं गिऱ्हाईक, अर्ध्या गालाला फेस. दोघांनी मिळून कॅसेट उलटी केली, हळूच, तान्ह्या बाळाला कुशीवर वळवावं तशी.

स्वच्छ. काकांचा चेहरा तेवढा दिसला त्यात.

"नाव कुठंय?" काका म्हणाले.

मी मूर्ख! मला वाटलं, कौतुकाने विचारतायत. मी स्पिरिटपासून खोडरबरापर्यंत सगळी कृती सांगितली, वर भाव कसा पाचशेवरून आठ हजारावर नेला तेही सांगितलं. बोलता बोलता लक्षात आलं की दोघं माझ्याकडे नाही, कॅसेटीच्या पाठीकडे बघतायत. फेसवाल्याने तर मान खाली घातली होती.

नेमकी तेव्हाच आई आली. हातात भांडं, टोफू न्यायला. केस नुकतेच कापलेले, नव्या वर्षासाठी. तिने कॅसेट पाहिली आणि माझ्या अगदी शेजारी येऊन उभी राहिली.

मामाने माझे दोन्ही खांदे धरले. "इत्सुकी, पुसलंस ते पुसलंस. पण पुसताना वाचलं असशील ना? कुणाचं नाव होतं? आणि सापडली कुठे?"

"खरं सांग," काका म्हणाले. "तुझ्या मामाचं असलं तरी सांग. मी आत्ता, इथेच डोक्यावर मशीन फिरवून घेतो."

आता सांगतो तुला. मागे लिहिलं होतं, सहावी अ, मात्सुनागा सायोको. माझी आई!

मी तोंड उघडलं, तोच माझ्या पायावर काहीतरी आलं. आईची टाच. ती समोर बघत होती, चेहरा देवळातल्यासारखा शांत, पण टाच अशी दाबत होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकेक डोक्यात शिरत गेलं. आमच्याकडे टोफू कधी विकत आला नाही. आई केस कापायला गेली की पाकीट घरीच असतं. मी लहान असल्यापासून ऐकतोय, ती दोघांना वेगवेगळं गाठून सांगते, की नाव तुझंच होतं रे, मी डोळ्यांनी पाहिलंय. मामा खूश, काका खूश, आणि कॅसेट बिस्किटांच्या डब्यात!

एकीकडे बेचाळीस कॅसेटी. एकीकडे टाच.

मी म्हणालो, देवळाबाहेरच्या जुन्या बाजारात घेतली, शंभर येनला. नाव वाचलं नाही.

"न वाचताच पुसलं?" दोघं एकदम म्हणाले. आणि एकमेकांकडे बघितलं. तू बघायला हवं होतंस, दोन म्हातारी पोरं झाली क्षणात. काका म्हणाले, मिनेओ, शपथेत टक्कल ठरलंय, पण कुणाचं ते ठरलेलं नाही. खरं तर जो खोटा ठरेल त्याचं, असं ठरलं होतं, पण तेव्हा वाद घालायची माझी हिंमत होती होय? मामाने माझं डोकं धरलं, काकांनी मशीन फिरवलं, फेसवाल्याने केस झाडले. दोघं इतके हसत होते की मशीन दोनदा माझ्या कानाला लागलं.

मग मामाने मार्कर मागवला. दोघांनी कॅसेटीमागे शेजारी शेजारी नावं लिहिली. पक्क्या शाईने. चौथी ब सकट! आठ हजाराची पाचशे झाली माझ्या डोळ्यांदेखत. पेटी नाही मिळाली, नाव नव्हतं म्हणून.

घरी येताना आईच्या भांड्यात दोन टोफू जास्त होते. वाटेत तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, छान गार लागतं रे हाताला.

हसू नकोस! टोपी काढतो, बघ एकदाचं. पण मला सांग दाइगो, तुझी आई असती आणि अशी टाच असती, तर तू काय केलं असतंस?