बलभीमरावांच्या मिशीचा तह

श्रीतुळजाभवानीचे पायांस दंडवत घालोन, जळकोट मुक्कामी चार अंडी आणि एक मिशी यांवरून जे रण माजले, त्याची हकीकत साद्यंत अर्ज करितो.

राजमान्य बलभीमराव, कोंबड्यांचे शेडचे धनी, मिशी दोहों बाजूंस कानापावेतो, यांणी परदेशी अजगरांची जोडी सरकारी परवान्यानिशी बाळगिली. नर निमपिवळा, मादीही निमपिवळी. मतलब ऐसा की, दोघांपाशी प्रत्येकी एक वारसा हळदी आणि एक मातकट, आणि पिलास दोघांकडोन एकेक मिळावयाचा. पिलास दोन्ही हळदी आले तर लख्ख पिवळे, दोन्ही मातकट आले तर मातकट, आणि एकेक आले तर कोणीच कोणास दबत नाही, दोहोंचा रंग दिसोन पिलू निमपिवळे. मग मादीने चार अंडी घातली आणि रावांचे डोक्यात शेताची वाटणी शिरली.

हरिबा न्हाव्याचे दुकानी भर दरबारात फर्मान सुटले की, चार अंडी म्हणजे चार हिस्से: एक पिवळा, दोन निमपिवळे, एक मातकट; पिवळा न निघाल्यास मिशी उतरवू. ते समयी वीरप्पा किराणावाले दाढीस साबण लावोन बसले होते, ते वदले, "आवो बलभीमराव, अंडं काय वाटणीपत्र वाचतंय व्हय? पैल्याला काय घावलं, दुसऱ्याला कुठं ठावं?" रावांस क्रोध आला, आणि हरिबास वस्तरा पाजळोन ठेवण्याचा हुकूम जाहला.

मग दोन मास थर्माकोलचे पेटीवर बल्बाचा पहारा बसला, आणि वीज गेली की इन्व्हर्टर पेटीस व कुटुंब शुभांगीबाई घामास, ऐसा बंदोबस्त चालिला. अखेर पेटीभोवती हरिबा व वीरप्पा जमले असता पहिले अंडे फुटले, निमपिवळे. आणि दुसरे निमपिवळे, आणि तिसरेही तेच. रावांचा हात मिशीवर, हरिबाचा वस्तऱ्यावर. मग चौथे फुटले. निमपिवळे!

वीरप्पांनी आरोळी ठोकिली. राव गर्जले, "थांबा! चार निम्मे म्हंजी दोन पुरे पिवळे! एकाच्या जागी दोन दिलेत, लई झाले!"

हा हिशेब ऐकोन हरिबाही भांबावला. मग शुभांगीबाईंचा निवाडा सुटला, "निम्मं पिवळं पुरं धरताव न्हवं? मंग निम्मी मिशी बी पुरी धरा. हरिबाभाऊ, काढा."

उजवी मिशी कामास आली, डावा गड राखिला. फत्ते जाहली म्हणोन रावांनी पेढे वाटिले, तेही वीरप्पांनी मोडोन निम्मे परत केले. या मोहिमेत जे कापले गेले ते लिहिले. पदरचे काही लाविले नाही, आणि लाविले तरी ती मिशी भरोन येणार नाही.